बिननावाची बटणं

“बटण,” लॅपटॉपमधला आवाज बोलला. “बटण. बटण. बटण.”

सुहरा टीचरांचं बोट कळफलकावर थांबलं. “मोळे, पोरी, तुझ्या पानावर नुसती बटणंच बटणं. शिंप्याचा डबा उघडल्यासारखं वाटतंय. यातलं कुठलं दाबू?”

जिस्ना खुर्चीच्या कडेवर सरकून बसली. समोर तर सगळं लख्ख दिसत होतं. फोटो जोडायला इवलासा कॅमेरा, जन्मतारखेला कॅलेंडर, पुढच्या पानावर जायला निळा बाण. सहा आठवडे खपून तिने ते पान सजवलं होतं. वेबसाइट बनवणाऱ्या कोझिकोडच्या त्या दहा माणसांच्या ऑफिसात सगळ्यांनी वाखाणलंही होतं. शाळा चालवणाऱ्या एका संस्थेचा शिक्षकभरतीचा ऑनलाइन अर्ज होता तो. चार वाजता लोकांसाठी खुला व्हायचा होता. त्याच दिवशी एका अंध व्यक्तीने तपासल्याची सही संस्थेला हवी होती, म्हणून अंधशाळेत तात्पुरत्या बदलीवर शिकवणाऱ्या, स्वतः अंध असलेल्या टीचरांना बोलावलं होतं.

“ते शेवटचं, टीचर. बाण काढलाय की तिथे,” जिस्ना बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

टीचर हसल्या. “असेल बाण. छानही असेल. पण त्याचं नाव कुणी ठेवलंय का? हा बिचारा स्क्रीनवर लिहिलेलं वाचून दाखवतो. नावच नाही, तर तो तरी काय वाचणार?”

अंदाजाने चाचपडत टीचरांनी रकाने भरले आणि शेवटचं बटण दाबलं. आवाज गप्प. त्या थोडा वेळ कान देऊन बसल्या.

“गेला का अर्ज?”

“नाही टीचर. मोबाइल नंबरात एक आकडा कमी पडलाय. त्याभोवती... लाल चौकट आलीय.”

“अच्छा,” टीचर शांतपणे म्हणाल्या. “लाल.”



तेवढ्यात रियास एका हातात सुलेमानी चहाचे ग्लास आणि दुसऱ्या हातात सहीचा कागद घेऊन आला. ऑफिस त्याचं होतं आणि संस्थेला शब्दही त्यानेच दिला होता. “झालं ना टीचर? इथे एक सही करा म्हणजे सुटलो.”

“सही करते की. पण या भरतीत मलाही अर्ज करायचाय बाबा. म्हणजे पुन्हा त्या सायबर कॅफेवाल्याकडे जाणं आलं. मागच्या खेपेला त्याने माझं वय, मार्क, सगळं खड्या आवाजात विचारून भरलं. मागे रांगेत आमची अर्धी गल्ली. संध्याकाळी मासे घ्यायला गेले, तर मासळीवाली म्हणते, काय टीचर, बी.एड.ला सेकंड क्लासच का?” टीचर पुन्हा हसल्या.

“रियासिक्का, मला दोन तास द्या,” जिस्ना म्हणाली. ‘इक्का’ म्हणजे दादा; ती त्याला तशीच हाक मारायची.

“चारला सोडायचंय, जिस्ना. ते लोक माझ्या डोक्यावर बसलेत. नंतर करू ना दुरुस्ती, सावकाश.”

“सावकाश करू तोवर भरती संपलेली असेल.”

रियासने हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग टीचरांकडे. “सहाची वेळ मागतो त्यांच्याकडे,” तो फोन काढत म्हणाला. “पण चालू आहे त्यातलं काही मोडलंस, तर तूच निस्तरायचं.”

तिने हौसेने रंगवलेल्या चौकोनांना पहिली कात्री लावली. दिसायला ती बटणं होती, पण कोडच्या लेखी वर ‘बटण’ एवढीच चिठ्ठी डकवलेले नुसते रंगीत तुकडे. त्यांच्या जागी तिने साधीसुधी, खरी बटणं घातली. त्यांची सावली गेली, चमक गेली. क्षणभर तिचा जीव हळहळला. मग बाणाच्या मागे, डोळ्यांना दिसणार नाहीत असे दोन शब्द लिहिले: पुढे जा. प्रत्येक रकान्याला त्याचं नाव बांधलं. चूक झाली की ती शब्दांत सांगायची आणि माणसाला थेट चुकलेल्या जागी नेऊन सोडायचं, असं करून ठेवलं. दर दोन बदलांनी ती डोळे मिटून पान ऐकत होती. शेजारी टीचर पळंपोरीचा, केळ्याच्या भज्याचा, तुकडा मोडत लक्ष ठेवून होत्या.

“‘कृपया कॅमेऱ्याच्या चित्रावर क्लिक करा’? तो कॅमेरा मी कुठे शोधू? ‘फोटो जोडा’ म्हण, संपलं.”

जिस्नाने ‘फोटो जोडा’ केलं.

पावणेसहाला टीचरांनी मुद्दाम नऊच आकडे भरून बटण दाबलं. “मोबाइल क्रमांक,” आवाज म्हणाला. “एक आकडा कमी आहे. दहा आकडे लिहा.”

“आता कसा माणसासारखा बोलला,” टीचर म्हणाल्या.

सहा वाजता पान खुलं झालं. रियासने कागद पुढे केला, तर टीचरांनी तो हाताने बाजूला सारला. “आधी माझा अर्ज.”

नाव झालं. पत्ता झाला. आवाज एकेक रकाना सांगत गेला, टीचरांची बोटं भरत गेली.

“वैवाहिक स्थिती,” आवाज म्हणाला. “चार पर्याय.”

बोटं थांबली. टीचरांनी पर्समधून इअरफोन काढला, चाचपून लॅपटॉपला जोडला आणि दोन्ही कानांत घातला. आवाज खोलीतून नाहीसा झाला.

“मोळे, हा उजेड बंद करता येतो का गं? मला तसाही काही उपयोग नाही त्याचा.”

जिस्नाने हात लांब करून स्क्रीन काळी केली. मग आपली खुर्ची वळवून ती खिडकीकडे तोंड करून बसली.

“काय भरतायत?” रियासने दारातून हळूच विचारलं.

“मला काय माहीत,” जिस्ना म्हणाली. तिच्या पाठीमागे कळा भराभर वाजत होत्या.