लेनकाकांचे मोजे

थोरामावशींचं घर गरम ठेवणाऱ्या हीटिंगच्या पाण्याचा दाब रोज उतरायचा. मी त्यांचा प्लंबर; पाणी भरून द्यायचो आणि सकाळपर्यंत दाबाचा काटा पुन्हा शून्यावर. जमीन कोरडी, छत कोरडं, पाइपांना कुठे थेंब नाही.

"पोरा, तुझा बाप एका फेरीत गळती शोधायचा," मावशी म्हणाल्या. टोमणा नेहमीचाच, पण त्यांच्या नवऱ्याची, लेनकाकांची, बोट व्हिटबीच्या बंदराबाहेर बुडाल्यापासून त्यांच्या आवाजात जीव नव्हता.

शेवटी मी भिंतीवरचा, गरम पाणी फिरणारा एकेक रेडिएटर बंद करून पाहिला. जिन्याजवळचा बंद केला आणि काटा जागच्या जागी थांबला.

त्या रेडिएटरवर लेनकाकांचे लोकरी मोजे होते. समुद्रावरून आले की काका ते तिथेच टाकायचे, आणि त्यावरून दोघांचं हमखास वाजायचं. मी मोजे उचलले. ओलेचिंब! हीटिंगचं पाणी काळं, कुबट असतं. हे स्वच्छ होतं आणि त्याला समुद्राचा वास होता.

"मावशी, हे धुतलेत का?"

"तो गेल्यापासून हातही लावला नाही."

"मग हा रेडिएटर बंदच ठेवू."

"नको!" त्यांनी माझं मनगट धरलं. "मग ते वाळायचे कसे?"

मी व्हॉल्व्ह उघडला. आम्ही स्वयंपाकघरात जाऊन काटा पाहिला. तो डोळ्यांदेखत उतरत होता.

परत आलो तर रेडिएटरवर एकच मोजा होता.

मावशींनी जिन्याकडे पाहिलं.

"थांब रे लेन," त्या म्हणाल्या, "ओला आहे अजून."