होकार

“लग्न करीन तर त्याच्याशीच,” ती एका दमात म्हणाली. “आणि कॉलेजला मी जाणार नाही.”

वडिलांच्या हातातला खळीचा ब्रश पुठ्ठ्यावरच थांबला. बाइंडिंगच्या त्या छोट्याशा दुकानात आई वह्यांना शिवण घालत होती. तिने दाभण खाली ठेवलं.

तो म्हणजे शेजारच्या घड्याळवाल्याचा मुलगा. आणि कॉलेज म्हणजे दूरच्या शहरातली तीन वर्षं. जमीन मोजायला शिकायचं, नकाशे काढायचे. घरात इतकं शिकणारी ती पहिलीच. सगळं घर त्याच गोष्टीकडे डोळे लावून बसलं होतं. त्यामुळे आता आकाशपाताळ एक होणार, हे ती धरूनच चालली होती. उत्तरंही तिने पाठ करून ठेवली होती.

“पोरगा चांगला आहे,” आई म्हणाली. “मग उशीर कशाला? पुढच्या महिन्यात उरकून टाकू.”

पाठ केलेल्या उत्तरांतलं एकही आता कामाचं नव्हतं.

आई कामाला लागलीसुद्धा. मोजपट्टी घेऊन ती वरच्या खोलीत गेली. मागोमाग मुलगी, तिच्यामागे गोंधळलेले वडील.

“पलंग इथे मावेल. कॉलेजला उद्याच कळवून टाकू, तुझी जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळेल. आणि पाळणा खिडकीशी.”

“कुठला पाळणा?”

“आज ना उद्या लागेलच की.”

ती खिडकीशी गेली. बाहेर गोदामाची भिंत होती, बाकी काही नाही. आपल्या जागेवर बसून नकाशे काढणारी कुणीतरी मुलगी तिच्या डोळ्यांपुढे आली, आणि त्या न पाहिलेल्या मुलीचा तिला भयंकर राग आला.

ती धावत शेजारी गेली. तो डोळ्याला भिंग लावून बसला होता. बातमी ऐकून त्याच्या हातातला चिमटा गळून पडला.

“पुढच्या महिन्यात? अगं, मला अजून घड्याळ नुसतं उघडता येतं. परत जोडता येत नाही.” मग हळूच म्हणाला, “आणि तुझे नकाशे?”

दोघं एकमेकांकडे बघून पोट धरधरून हसली.

घरी येऊन तिने सांगून टाकलं, “मी कॉलेजला जाणार. तो मधूनमधून भेटायला येईल. लग्नाचं तीन वर्षांनी बघू, तेही आम्हा दोघांना वाटलं तर. आणि तो पाळणा डोक्यातून काढून टाक, आई.”

“बघ बाई, तुझं तू ठरव,” आई पडेल आवाजात म्हणाली.

मुलगी बॅग शोधायला आत पळाली. वडिलांनी ब्रश पुन्हा खळीत बुडवला.

“मला वाटलं होतं, तू सरळ नाही म्हणशील.”

आईने दाभणात दोरा ओवला.

“माझे वडील सरळ नाहीच म्हणाले होते,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्या दारात उभी होते.”