उकिरड्यावर ओतलेलं दूध

आमच्या चंद्री म्हशीची कास सुजली, तेव्हा जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "इंजेक्शनं चालू हायत तोवर दूध लेकराला पाजू नका." मी आठ दिवस सगळं दूध उकिरड्यावर ओतलं.

"खताला दूध पाजणारी सून पहिल्यांदाच बघून राहिले," सासूबाई म्हणाल्या.

तेच खत मेथीच्या वाफ्यात पडलं. माझी दीड वर्षांची शिवांगी तिथंच खेळायची, माती चाटायची. मी हसायचे.

आता तिचा ताप हटेना. कंधारच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "जंतू ह्या औषधाला दाद देईनात. घरी जनावराला दिलं होतं का?" औषधाचं नाव चंद्रीच्या इंजेक्शनाचंच होतं. मी न्हाई म्हणाले.

आज दुपारी तिला कडेवर घेऊन वाफ्यापाशी गेले. मातीत तिच्या इवल्या पावलांचे ठसे होते आणि त्यांत दूध साचलं होतं. बोट बुडवलं. कोमट, आत्ताच काढल्यासारखं. चंद्री तर दिवाळीलाच आटली.

मी घाईनं माती लोटून ठसे बुजवले. "उद्या खरं सांगते गं बाई डॉक्टरला," तिच्या कानात म्हणाले.

कडेवरून एकदाही न उतरलेल्या शिवांगीनं मान वर केली. तिच्या ओठांवर ताज्या दुधाची पांढरी रेघ होती.