मधला ठिपका

कारखान्यातून निवृत्त झालेल्या मारोतरावांनी मेंदूच्या एमआरआयची फिल्म, भट्टीत डोकवायची निळी काच धरावी तशी उन्हासमोर धरली. जिथं जिथं रक्त झिरपलं तिथं काळा ठिपका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"हे तं माह्या हातावरचं गोंदण दिसून राहिलं," त्यांची बायको भागीरथा म्हणाली.

त्यांनी तिचा हात फिल्मशेजारी धरला. ठिपक्यांचं फूल हुबेहूब तेच होतं.

"मधला ठिपका नाही पण तुमच्यात," ती हसली. "गोंदण कोणाले देता येत नाही जी. मेल्यावर तेच तं सोबत येते."

मारोतरावही हसले, आणि डोक्याच्या आत, अगदी मधोमध, सुई टोचली.

"कावून जी, काय झालं?"

तिचा हात अजून त्यांच्याच मुठीत होता. फुलाच्या मधोमध कातडी कोरी होती.