नंबर लावणाऱ्या मुली

धनश्री आणि तिच्या कॉलेजच्या मैत्रिणींनी नागपूरच्या धंतोली या दवाखान्यांच्या भागात एक सेवा सुरू केली होती. बाहेरगावच्या पेशंटने आदल्या दिवशी फोन करायचा आणि मुलींनी सकाळी सहालाच दवाखान्यात जाऊन त्याचा नंबर लावायचा. मग पहिल्या एसटीने आलेल्या माणसाला दिवसभर जिन्यावर ताटकळावं लागत नसे. फोन घ्यायचं काम धनश्रीकडे होतं, कारण शहरातल्या दोन वर्षांत तिची मराठी अगदी पुस्तकी झाली होती.

"उमरेडची असून कशी वं बोलतेस, रेडिओवानी," त्यांच्यातली काजल तिला चिडवायची.

बुधवारी दुपारी फोन वाजला.

"मॅडम, उद्याचा नंबर लावून द्या ना. दोन महिन्यांपासून छातीत दुखून राहिलं. नाव लिहा, नत्थूजी निखारे, उमरेड."

धनश्रीचा पेन थांबला. फोनवर तिचे बाबा होते. घरी ती त्यांच्याशी गावच्याच बोलीत बोलायची, त्यामुळे या मॅडमचा आवाज काही त्यांना ओळखू आला नाही. फॉर्मवरचा पुढचा प्रश्न तिने कसाबसा विचारला.

"नागपुरात जवळचं कोणी आहे का, काका?"

"पोरगी आहे ना, तिथंच शिकून राहिली. पण तिले नका सांगू, मॅडम. परीक्षा जवळ आली तिची, उगाच घाबरते."



"नाही सांगणार, काका," धनश्री म्हणाली. "उद्या बस स्टँडवर आमची एक मुलगी तुम्हाला घ्यायला येईल."