कपाटातलं यंत्र

फोन वाजला तेव्हा सगुणा खळ्यात सुकत घातलेले बांगडे टोपलीत भरत होती. दुपारीच पूर्णगडाच्या बाजूने आभाळ काळं करून आलं होतं, वाऱ्याने पदर अंगावर ठरत नव्हता.

"‘भगवतीप्रसाद’ होडी तुमचीच ना, ताई? बचाव केंद्रातून बोलतोय. तुमच्या संकटयंत्राचा संदेश आलाय. होडी बुडतेय म्हणून. होडी समुद्रात आहे का?"

"हाय. पहाटेच गेलेत. आमचे हे नि चार खलाशी."

"तांडेलांचा मोबाईल लागत नाही. संदेश खोल पाण्यातून येतोय असं दिसतंय, तरी यंत्राचं ठिकाण कधीकधी चुकतं. पण ताई, आमच्याकडे बोट एकच, आणि दुसरीकडूनही बोलावणं आहे. यंत्र होडीवरच आहे ना? कधीकधी घरातच चुकून बटण दाबलं जातं, म्हणून विचारतो."

यंत्र घरात होतं.

आता घरात का, तर ऐका. तिचा नवरा रघू, होडी चालवणारा तांडेल, माणूस लाखातला, पण वस्तू जपायची त्याची तऱ्हाच निराळी. खाऱ्या पाण्याने यंत्र खराब होईल, मग साहेबांना दाखवायचं काय? म्हणून तपासणीच्या दिवशी ते होडीवर जायचं आणि संध्याकाळी टॉवेलात गुंडाळून परत कपाटात. नारळी पौर्णिमेला रघूची आई भागूबाई त्याला हळदकुंकू वाहायची. बॅटरीची मुदत संपली, ती फुगली, तेव्हा रघूनेच काढून फेकली. "वापरायचं नाय तर नवी कशाला?" म्हणे. बंदरावरचे हसले, तर हा उलटा त्यांनाच हसला. समुद्रासाठी घेतलेल्या वस्तूला समुद्राचं पाणी लागू देणार नाही, असा हा शहाणा!

"ताई, ऐकताय ना?"

"जरा धरा हं."

फोन कानाला तसाच ठेवून ती आत धावली. कपाट उघडलं, टॉवेल सोडला. यंत्र होतं तिथेच होतं. कोरडं ठणठणीत. उलटं करून पाहिलं, बॅटरीची जागा रिकामी.

"काय गो, कोनाचा फोन?" भागूबाई मागे येऊन उभी राहिली.

सगुणा काही बोलणार, तोच तिच्या हातातल्या यंत्राचं लाल बटण आत गेलं. कुणी अंगठा टेकवावा तसं. वर आलं. पुन्हा आत गेलं.

"आत्ता परत आला बघा," फोनवरचा माणूस म्हणाला. "हा अजून एक. कुणीतरी सारखं दाबतंय."

भागूबाई मटकन खाली बसली. "आई भगवती! रघ्या हाय गो तो!"

सगुणाला भीती वाटली. इतकी, की यंत्र भिंतीवर फेकून ओरडत बाहेर पळावं. पण तिने ते दोन्ही हातांत घट्ट धरलं आणि फोन खांद्याने कानाशी दाबला. खरं सांगितलं तर बोट दुसरीकडे जाणार, हे तिला कळत होतं.

"ताई, एकदा नक्की सांगा. यंत्र होडीवरच आहे ना?"

"होय. होडीवरच. यांच्याच हातात असणार. निघा हो दादा, तुमच्या पाया पडते!"

"निघाली बोट. फोन चालू ठेवा."

केंद्रातल्या वायरलेसवरची बोटीच्या इंजिनाची घरघर फोनमध्ये ऐकू येऊ लागली. बटण आता सावकाश दाबलं जात होतं. मध्येच थांबायचं, दमल्यासारखं, मग अर्धवटच आत जायचं.

लग्न झाल्यापासून सगुणाने नवऱ्याला कधी नावाने हाक मारली नव्हती. त्या घटकेला सासू पायाशी बसलीय याचंही तिला भान उरलं नाही. तिने यंत्र ओठांशी नेलं.

"रघू! अहो रघू! येतायत ते. सोडू नका. धरून राव्हा!"

बटण आत गेलं. पूर्ण आत. आणि वर आलंच नाही.

"ताई," फोनवरचा माणूस म्हणाला, "संदेश थांबला."

सगुणा बटणाकडे बघत राहिली. भागूबाईने खालूनच तिची साडी ओढली.

"ऐकलान काय गो त्यान?"