तांब्याचं छप्पर

फ्रिज दुरुस्त करणाऱ्या बापाने आणि त्याच्या पोराने ठोकळ्यांच्या त्या गेममध्ये मिळून एक घर बांधलं होतं. महिनाभर खाणी खणून तांबं गोळा केलं, भट्टीत वितळवलं आणि अख्खं छप्पर तांब्याचं केलं. खऱ्या तांब्यासारखं तेही हळूहळू हिरवं पडतं. कुणीतरी वर चढून कुऱ्हाडीने खरवडलं, तरच चकाकतं.

पुढे एका भांडणात "परत तोंड दाखवू नकोस," असं बाप बोलून गेला आणि पोरगा घर सोडून गेला. दीड वर्ष झालं, फोन उचलत नाही. पण दर रविवारी बाप घरच्या कॉम्प्युटरवर गेम उघडतो, तर छप्पर लख्ख.

"अगं, पोरगा येऊन गेला," तो स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगतो. "कुठूनही उघडता येतो हा गेम. पासवर्ड आहे त्याच्याकडे."

"मला मेलीला त्यातलं ओ की ठो कळत नाही," बायको म्हणते, "पण बरा असेल म्हणजे."

त्या दिवशी दोघंही पोटभर जेवतात.

गेल्या महिन्यात बहीण आजारी पडली म्हणून बायको तीन आठवडे तिच्याकडे जाऊन राहिली. तिन्ही रविवारी छप्पर हिरवंच. तिन्ही वेळा बापाने ताट अर्धवट सोडलं.

शुक्रवारी बायको परतली. रविवारी त्याने गेम उघडला, तर छप्पर लखलखत होतं. त्याने वळून स्वयंपाकघरातल्या बायकोकडे पाहिलं.



मग नेहमीपेक्षा जरा मोठ्याने म्हणाला, "अगं, पोरगा येऊन गेला."